परीक्षेला न येणारा प्रश्न

फेब्रुवारी लागला की आमच्या भागात हळद शिजायला लागते. शिवारात जागोजागी बॉयलर धडधडतात, आणि त्यांची वाफ सकाळच्या गारव्यात वर जायचं सोडून रस्त्यावर आडवी पसरते. स्कूटीवरून कॉलेजला जाताना मी रोज त्या वाफेतून जाते. ओली माती, थोडा कापूर आणि तळाशी कुठंतरी कडवट असा तो वास. ओढणी कितीही घट्ट बांधली तरी नाकात शिरतोच. हळदीच्या वासानं लोकांना लग्नघर आठवतं. मला बारावीचं वर्ष आठवतं आणि तोंड कडू होतं.

कारण बारावीची प्रॅक्टिकल्स नेमकी याच दिवसांत असतात. मी एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर बायोलॉजी शिकवते. सध्या रोज सकाळी कपाटातून स्लाइडी काढायच्या, मऊ फडक्यानं पुसायच्या आणि चालू असलेल्या दोन मायक्रोस्कोपांखाली लावून ठेवायच्या, हे माझं काम. कांद्याच्या मुळाचं टोक, जास्वंदीचे परागकण, आणि ती एक गुलाबी-जांभळी स्लाइड, जिच्यात लहानमोठी वर्तुळं दाटीवाटीनं बसलेली दिसतात. सस्तन प्राण्याची ओव्हरी. पोरं डोळा लावतात, नाव लिहितात, एक कार्य लिहितात आणि पुढच्या टेबलाकडं सरकतात. बाहेर पळस फुललेला असतो. खिडकीतून हळदीचा वास येतो. आणि मला त्या स्लाइडीजवळ फार वेळ उभं राहवत नाही.

आमचा तांडा डोंगरकड्याच्या अलीकडं. आम्ही बंजारा, घरात गोरमाटी बोलतो, आईला याडी म्हणतो. याडीचं बोलणं इथं मराठीत लिहिते आहे, तेवढं समजून घ्या. दहावीपर्यंत मी मराठीत शिकले आणि अकरावी सायन्सला गेले तर सगळं पुस्तक एकदम इंग्रजीत. तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात राहायचे. खोलीत सोबतीला हट्टा गावची प्रज्ञा. तिचे वडील विहारात संध्याकाळी वस्तीतल्या पोरांची शिकवणी घ्यायचे. लेकीला सायन्सला पाठवताना त्यांनी एक जाडजूड डिक्शनरी बरोबर दिली होती. आम्ही दोघी रात्रीचं जेवण झालं की ती मध्ये ठेवून बसायचो. एक पान वाचायला अख्खी रात्र जायची.

बायोलॉजीचे सर वाईट नव्हते. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. फूल शिकवताना ते रंगून जायचे. एकदा त्यांनी वर्गात ओल्या हळदीचा गड्डा आणला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सांगा, हे मूळ आहे का खोड?"

"मूळ!" सगळा वर्ग ओरडला.

"खोड आहे," सर म्हणाले. "जमिनीखालचं खोड. हे बघा पेर, हे बघा डोळे. या डोळ्यांतूनच नवीन झाड येतं."

कळायला लागल्यापासून मी याडीबरोबर हळद मोडायला जात होते. काढलेल्या गड्ड्यांवरची माती झटकायची, हळकुंडं मोडून वेगळी करायची, दिवस मावळेपर्यंत. नखं महिनामहिना पिवळी. एवढी हळद या हातातून गेली आणि ते खोड आहे हे मला माहीत नव्हतं! शनिवारी घरी गेल्या गेल्या मी याडीला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. हसली आणि म्हणाली, "मंग? खोड हाय म्हनल्यावर भाव वाढून येतो का?" पण दुसऱ्या दिवशी वावरात तिनं चार बायांना बोलावून तेच सांगितलं. "माझी पोरगी शिकून राहिली," म्हणाली. सांगताना तिनं हळकुंडाचा डोळा नखानं दाखवला, अगदी सरांनी दाखवला होता तसा.

फुलांचा धडा असा सावकाश, प्रेमानं झाला. पुढचा धडा माणसांच्या प्रजननाचा होता. त्या दिवशी सर वर्गात आले, हजेरी घेतली, पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "हा भाग सोपा आहे. घरी वाचून घ्या. दोन डायग्रॅम आहेत, ते पाठ करा, मार्काला येतात." मागच्या बाकांवर मुलं खिदळली. आम्ही मुली खाली मान घालून बसलो. माझ्या शेजारच्या मुलीनं डायग्रॅमवर कोपर ठेवून तो झाकून घेतला, जणू तो तिचाच कुणी उघडा काढलेला फोटो होता. सरांनी पान उलटलं आणि पुढचा धडा सुरू केला.

तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं.

मग त्या आठवड्यात खोलीवर प्रज्ञा आणि मी तो धडा वाचायला घेतला. दार लावून घेतलं. प्रज्ञा शब्द शोधायची, मी वहीत मराठी लिहायचे. ओव्हरी, अंडाशय. युटेरस, गर्भाशय. अंडाशय काय, गर्भाशय काय, दोन्ही शब्द आम्हाला इंग्रजीइतकेच परके. पाठ करायचे म्हणून पाठ करत होतो. वाचता वाचता प्रज्ञा थांबली. "बाळ याच्यातच वाढतं म्हणून राहिले," ती म्हणाली. "म्हणजे ही पिशवीच की गं."

मी डायग्रॅमकडं बघितलं. उलट्या पेरूसारखा आकार, दोन्ही बाजूंनी पसरलेल्या नळ्या, टोकाला दोन बदाम.

"पिशवी?"

"व्हय. बाया म्हणतात न्हाई का, पिशवी काढली."

आमच्या तांड्यात कितीतरी बायांची पिशवी काढलेली होती. दात काढला म्हणावं तसं त्या ते सांगायच्या. माझ्या याडीचीही काढलेली होती. मी आठवीत असताना. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. बा तिला एका मोठ्या गावातल्या खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, पिशवी सडली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर बा काय बोलणार? याडीला तेव्हा तिशीही लागली नव्हती. तीन लेकरं झाली होती. आता हिचं काय काम, असं म्हणून तिनंच मान हलवली. मला त्या दवाखान्याच्या दारातला मोगऱ्याचा वेल आठवतो, आणि आत याडीनं घातलेला हिरवा झगा. बांगड्या काढून तिनं माझ्या हातात दिल्या होत्या.

त्यानंतर ती पहिल्यासारखी राहिली नाही. ऐन थंडीत घामानं चिंब व्हायची, अंगावरची चादर फेकून अंगणात जाऊन बसायची. छातीत धडधड व्हायची. झोप नाही. साध्या बोलण्यावर रडायची, नाहीतर भांडं फेकायची. हाडं दुखायची. तिच्याएवढ्या बाया दिवसभर हळद मोडायच्या आणि ही दुपारीच बांधावर कंबर धरून बसायची. तांड्यातल्या बाया म्हणायच्या, हिला बाहेरचं लागलंय. बानं एक-दोनदा अंगारा आणून बघितला. मुकादम तिला कामचुकार म्हणायचा. मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

प्रज्ञा डिक्शनरी घेऊन पुढं वाचत होती. ओव्हरीतून कोणते रस रक्तात जातात, ते काय करतात, हाडांना कसे जपतात, अंगातला उष्मा कसा सांभाळतात. ग्रंथींच्या धड्यात ते आणखी नीट होतं. एकेक ओळ वाचावी आणि याडी समोर दिसावी, असं होत होतं. पण पिशवी वेगळी आणि त्या दोन ओव्हरी वेगळ्या, हे आता मला कळत होतं. पिशवी काढली तरी त्या दोन राहतात. मग याडीला असं का होतं, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी सरांच्या मागं स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले. "सर, दोन्ही ओव्हरी काढून टाकल्या तर बाईला काय होतं?"

सरांनी इकडं तिकडं बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "असा प्रश्न बोर्डाला येत नाही," ते म्हणाले. "तू डायग्रॅम पक्का कर." आणि आत गेले.

जानेवारीत याडीचं दुखणं वाढलं. बाला कामावरून सुटता येईना, म्हणून मीच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मोठी रांग होती. तपासणारी डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलायला वेळ नाही. तिनं सोनोग्राफी केली, पडद्याकडं बघत राहिली, मग शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत भराभर काहीतरी म्हणाली. याडी छताकडं बघत पडली होती. तिला एक शब्दही कळला नाही. मला कळला. डॉक्टरीण म्हणाली होती की पिशवी तर नाहीच, ओव्हरीसुद्धा दोन्ही दिसत नाहीत, आणि इतक्या कमी वयात हे कशासाठी केलं असेल.

त्या इंग्रजीनं मला दीड वर्ष रडवलं होतं. त्या एका मिनिटात ते सगळं समजलं. समजलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदा तिथं वाटलं.

"आईला कॅल्शियमच्या गोळ्या रोज द्यायच्या," डॉक्टरीण मला म्हणाली. मग आवाज उतरवून, "ऑपरेशनच्या आधी यांना कुणी काही सांगितलं नव्हतं का?"

येताना एसटीत याडीनं विचारलं, "काय म्हनली ती?" मी म्हणाले, "घरी गेल्यावर सांगते."

घरी नाही, वावरातच सांगितलं. हळद उकरायला सुरुवात झाली होती. याडी गड्ड्यांच्या ढिगाजवळ बसली होती, हाताला काम होतं म्हणून मला बोलायला सोपं गेलं. मी काडीनं मातीत आकृती काढली. ही पिशवी. ह्या नळ्या. आणि ह्या दोन.

"ह्या काय?"

"ह्या वेगळ्या असतात, याडी. पिशवी काढली तरी ह्या ठेवता येतात. तुझ्या ठेवल्या न्हाईत."

"ह्यांचं काम काय असतंय?"

मी सांगितलं. घाम, झोप, हाडं, धडधड, रडू. पाठ केलेलं सगळं, मराठीत, मग गोरमाटीत. ती ऐकत होती. हातातलं हळकुंड तिनं मोडलं नाही, नुसतं धरून ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजी मला बाहेरचं लागलं न्हाई."

"न्हाई."

"आन मी कामचुकार बी न्हाई."

मला रडू आवरलं नाही. ती मात्र रडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "त्या डाक्तरनं बी हेच पुस्तक वाचलं असंल ना?"

"व्हय. बारावीला हेच असतंय. पुढं आनखी मोठं."

"मंग चल. त्याला इचारू."

मी नको म्हणत होते. प्रॅक्टिकल तोंडावर आलं होतं आणि मला भीती वाटत होती. पण याडीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि निघाली. दवाखाना आता वाढला होता, बसायला स्टीलच्या खुर्च्या आल्या होत्या. सगळ्या खुर्च्यांवर आमच्यासारख्याच बाया. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी याडीला ओळखलं नाही. हसून बसायला सांगितलं. माणूस तोंडाचा गोड होता. माझ्या कॉलेजच्या ओळखपत्राकडं बघून म्हणाले, "कितवीला आहेस?"

"बारावी सायन्स."

"अरे वा! तांड्यावरून सायन्स! मेडिकलला जायचंय का? मग सांग बघू, ओव्हरीचं कार्य काय?"

ते थट्टेनं विचारत होते. आणि आमची सगळी शिकवणूक माझ्या अंगात अशी मुरलेली की प्रश्न आला की उत्तर द्यायचं. मी उभी राहिले. अंडी तयार करणं म्हणाले. मग इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, त्यांची कामं, एकामागून एक, न अडखळता. डॉक्टरांनी टेबलावर बोट वाजवलं. "शाब्बास! अगदी बरोबर."

याडी माझ्याकडं बघत होती, मग त्यांच्याकडं. "बराबर हाय ना तिचं?" तिनं विचारलं.

"एकदम बरोबर. हुशार आहे पोरगी."

"मंग माझ्या काहून काढल्या?"

डॉक्टरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. त्यांनी मला विचारलं, "कोण तुम्ही? कधीचं ऑपरेशन?" मी सांगितलं. ते म्हणाले, त्या वेळी जे योग्य होतं ते केलं, पुढं कॅन्सरचा धोका नको म्हणून सगळं एकदम काढून टाकतात, तुमच्या नवऱ्याचा अंगठा आहे. "अर्धवट वाचलं की असं होतं," मला म्हणाले. "तू पेपरावर लक्ष दे."

"मला धोका सांगितला न्हाई तुमी," याडी म्हणाली. "काढल्यावर काय होतंय ते सांगितलं न्हाई. ही पोरगी सांगून राहिली आता."

"बाई, बाहेर पेशंट थांबलेत," ते म्हणाले. घंटी वाजली, कंपाउंडरनं दार उघडलं.

बाहेर आल्यावर याडी खुर्च्यांवरच्या बायांपुढं थांबली. मला वाटलं, ही आता ओरडेल. ती ओरडली नाही. एका तरुण बाईला तिनं विचारलं, "काय व्हतंय गं?" ती म्हणाली, "अंगावरून जातंय." याडी म्हणाली, "सरकारी दवाखान्यात दाखव आधी." कंपाउंडर धावून आला. त्या बाईचा नवरा उठून उभा राहिला, म्हणाला, "तुमी तुमचं बघा ना." आम्ही आमचं बघत एसटी स्टँडवर आलो.

पुढं काय झालं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही. बानं एकदा वकिलाची गोष्ट काढली, मग परत काढली नाही. मी परीक्षा दिली. पेपरात ओव्हरीची आकृती आली होती, काढून नावं द्यायला. मी अशी सुरेख काढली की पर्यवेक्षक बाई माझ्या बाकाजवळ थांबून बघत राहिल्या. निकाल लागला तेव्हा बायोलॉजीत कॉलेजात पहिली आले. सरांनी पेढा भरवला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मेडिकलला नंबर लागला नाही. पुन्हा बसायची सोय नव्हती. बीएस्सी झाले, बीएड झाले. प्रज्ञा नर्स झाली, आता पुण्याला असते, फोनवर अजूनही तिच्या डिक्शनरीवरून आम्ही हसतो. याडीची पाठ मात्र वाकली. गेल्या वर्षी न्हाणीत नुसती घसरली तर खुब्याचं हाड मोडलं. अजून पन्नाशी गाठली नाही तिनं. काठी घेऊन चालते आणि तांड्यात तिला सगळे म्हातारी म्हणतात.

मी तो धडा घाईत उरकत नाही. मुलं-मुली एकत्र बसवून, फळ्यावर मोठी आकृती काढून शिकवते. मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि बाया बोलतात तो शब्द, तिन्ही लिहिते. प्राचार्यांनी एकदा केबिनमध्ये बोलावून, "मॅडम, जरा जपून," असं सांगितलं. मी हो म्हणाले आणि तसंच शिकवत राहिले. तासिकेवरच्या बाईला काढून टाकायला कारणही लागत नाही, हे मला माहीत आहे.

यंदा तो धडा झाल्यावर निकिता नावाची मुलगी मागं थांबली. शिरड शहापूरकडून रोज एसटीनं येते, अबोल, दुसऱ्या बाकावर बसणारी. फळा पुसत होते तर म्हणाली, "मॅडम, माझ्या आईला तारीख दिलीय. पिशवी काढायची."

मी डस्टर खाली ठेवलं. वय विचारलं, त्रास विचारला. तिला सांगितलं, आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, मी बरोबर येते. ती म्हणाली, बाबा ऐकणार न्हाईत, सगळं ठरलंय. मग मी तिला एवढंच सांगितलं की काढायचीच झाली तर ओव्हरी ठेवणार का ते विचार. कुणी नाही विचारलं तर तू विचार. ती मान हलवून गेली. मी तिच्या वडिलांना फोन केला. ते अदबीनं बोलले, ताई ताई म्हणाले, आणि फोन ठेवला.

नंतर ती कॉलेजला आलीच नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी आली. नंबर यायला वेळ होता, व्हरांड्यात उभी होती. मी बाहेर गेले.

"मॅडम, मी विचारलं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"आत न्यायच्या आधी डॉक्टरला दारातच आडवी गेले. म्हनलं, ओव्हरी काढणार का? काढणार तर काहून? बाबा डोळे वटारून राहिले. डॉक्टर थांबले. म्हनले, हे तुला कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं."

"मग?"

"एक ठेवली, मॅडम."

सांगताना ती हसत होती. एवढ्या वर्षांचा राग छातीत घेऊन मी तिच्यापुढं उभी होते आणि त्या हसण्यापुढं त्याचं काय करावं ते मला कळेना. दुसरी का काढली, पिशवी तरी काढायची होती का, हे मी तिला विचारलं नाही. तिची आई कशी आहे ते विचारलं. टाके कधी निघणार, रात्री घाम येतो का, खायला काय देता. मग तिथंच व्हरांड्याच्या कठड्याला टेकून, आतून तिचा नंबर पुकारेपर्यंत, आईला दूध-ज्वारी कशी द्यायची आणि सकाळच्या उन्हात किती वेळ बसवायचं, ते तिला समजावून सांगत राहिले.